बिनक्लचच्या गाडीचा हंगाम

यंदा कारखान्याचं धुराडं पेटलं आणि त्याच आठवड्यात आमच्या दारात पांढरी मोटार येऊन उभी राहिली. नातसुनेनं घेतली. ती कुपवाडला एका कारखान्यात नोकरीला आहे, रोज जाऊन-येऊन करते. नारळ फुटला, पेढे वाटून झाले, आणि मग तिनं मला शेजारी बसवून शिकवायला सुरुवात केली. "आजोबा, ह्याला क्लच नसतो. गिअर आपोआप पडतात. आता नवीन निघालंय."

नवीन! माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणालो, "पोरी, तुझा सासरा रांगत होता तवा ह्याच दारात बिनक्लचची गाडी उभी असायची." ती हसली. "काहीतरीच हां आजोबा," म्हणाली. मी उतरलो आणि दार आपटलं. नव्या गाडीचं दार असं आपटतात का, म्हणून मुलगा माझ्यावर डाफरला. मी काठी घेऊन सरळ मळ्याकडं चालू लागलो.

मला राग लवकर येतो असं घरातले म्हणतात. राग येतो-जातो तो दुसऱ्यांचा. माझा मुक्कामाला आहे. त्याला घर कुणी बांधून दिलं ते ह्या वयात तरी सांगून टाकावं म्हणून लिहायला बसलोय. मी चौथी पास होऊन शाळा सोडली. अक्षर वेडंवाकडं आहे, पण जे लिहीन ते खरं लिहीन.

मळ्याकडं जाताना ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर आडवे आले. एकामागं दोन-दोन ट्रेलर, वर मावेल त्याच्या दीडपट ऊस, आणि कानठळ्या बसवणारी गाणी. ड्रायव्हर पोरगेलं, एका हातात फोन. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. त्यानं हॉर्न मारला, मी हललो नाही. शेवटी त्यानंच गाणं बारीक केलं. "सरका की आवं म्हातारबा," म्हणाला. तेवढं ऐकून घेतलं आणि मग सरकलो.

ट्रॅक्टर गेल्यावर धूळ खाली बसली आणि उसाचा वास तेवढा मागं राहिला. तुटलेल्या उसाचा वास ओला, हिरवा असतो, थोडा आंबूस. तो नाकात गेला की मी कुठंही असलो तरी पलूसच्या अलीकडच्या आमच्या कृष्णाकाठच्या मळ्यात, गुऱ्हाळाच्या दारात जाऊन उभा राहतो. त्या साली बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. विहिरींना पुन्हा पाणी आलं होतं, पण पाण्याला भ्यायची सवय अजून गेली नव्हती. चरक फिरतोय, रसाची धार पिंपात पडतीय, चुलवाणात चिपाडं कडकडतायत आणि काहिलीवर पिवळा फेस चढतोय. गूळ होण्याआधीचा तो वास. अंगावरच्या सदऱ्यात तो उन्हाळ्यापर्यंत राहायचा. बायका म्हणायच्या, हंगामात गड्यांना मुंग्या लागतात.

आणि गुऱ्हाळाच्या दारात ती उभी असायची. निळी अमेरिकन पिकप. नाक डुकरासारखं, पण अंग हत्तीचं. स्टिअरिंग डाव्या बाजूला, त्यामुळं समोरून येणाऱ्याला वाटायचं गाडी बिनड्रायव्हरचीच चाललीय.

ती धरणाच्या कामावर आलेल्या परदेशी इंजिनेरांची. काम संपलं, ते गेले, आणि कॅम्पावरचं सामान लिलावात निघालं. ट्रक, जीपगाड्या हातोहात गेल्या. ही उरली. जो तो आत डोकावायचा, पायाखाली बघायचा आणि हसत बाहेर यायचा. पायाखाली दोनच पेडल, ॲक्सिलेटर आणि ब्रेक. क्लचच नाही. "बिनदाताच्या बैलाला कोण घेतंय?" एकजण म्हणाला. मी मात्र त्या रिकाम्या जागेकडं बघतच राहिलो. आबांना, म्हणजे आमच्या वडलांना, मी बाजूला घेतलं. म्हणालो, "आबा, ही घ्यायची. ही आपल्या आनंदासाठीच बनलीय."

आनंदा माझा धाकटा भाऊ. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. पलटणीत होता. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याच्या वर गेला. सरकारनं लाकडी पाय दिला, तो जड, मांडीला घासायचा. घरी आल्यावर दुष्काळाचं अख्खं वर्ष तो भिंतीकडं तोंड करून पडून होता. आल्या-गेल्यानं "कसा हायस?" विचारलं की म्हणायचा, "अर्धा." एवढंच. ज्यानं तालमीत माझी पाठ तीनदा लावली तो माणूस पाणी पाजायला आईला हाक मारत होता. मला त्याची दया आली नाही. संताप आला. कुणावर, ते तवा कळत नव्हतं.

गाडी आली आणि तो भिंतीकडचा उठला. पहिल्या दिवशी लाकडी पाय काढून त्यानं शेजारच्या सीटवर ठेवला, पाहुणा बसवावा तसा, आणि उजव्या पायावर गाडी चालवत मळ्याला चक्कर मारून आला. त्या दिवसापासून रोज दाढी करायला लागला. खाकी सदऱ्याला इस्त्री करायला लागला. गुळाच्या ढेपा भरायच्या, सांगलीच्या मार्केट यार्डात उतरायच्या, येताना गावाचं सामान आणायचं. रस्त्यात लोक हात करायचे, "आनंदा ड्रायव्हर, घेणार का?" अर्ध्या माणसाला असं कुणी विचारत नाही.

मी चालवायला गेलो तो प्रसंग सांगतो, कारण गावानं तो अजून विसरू दिलेला नाही. माझी सगळी उमर ट्रक आणि विहिरीवरची इंजिनं ह्यांत गेलेली. तरणा असताना चार वर्षं एका म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरच्या हाताखाली क्लीनर होतो, मग गावात पंप-इंजिनं दुरुस्त करायला लागलो. पंचक्रोशीत माझ्या हाताला मान होता. तर मी ऐटीत बसलो, गाडी निघाली, वेग आला आणि गिअर बदलायची वेळ झाली असं पायाला वाटलं. डावा पाय आपोआप उठला आणि क्लच म्हणून त्यानं ब्रेकच ठोकला. गाडी जागच्या जागी उभी. मागच्या हौद्यात आमचा गूळ रांधणारा गुळव्या, राऊतात्या, रिकाम्या घमेल्यांजवळ उभा होता. तो उडून चिपाडाच्या ढिगात. पगडी एकीकडं, तंबाखूची चंची दुसरीकडं.

राऊतात्या चिपाडातनं ओरडला, "आरं थोरल्या, गाडी थांबवायचीय तर सांग की! मी पायानं उतरलो असतो!"

पुन्हा निघालो, पुन्हा तेच. डाव्या पायाला जन्माची खोड. आनंदा हसून हसून रडायला आला. "दादा, ही गाडी चालवायची तर माझ्यावानी भरती हो." पलटणीतनं आल्यावर तो पहिल्यांदाच हसला होता, म्हणून मी गप बसलो. त्यानंतर मी त्या सीटवर बसायचंच सोडलं.

संक्रांतीच्या मागं-पुढं गाडीनं रंग दाखवला. सकाळी गार असताना सुतासारखी चालायची. दोन-तीन कोस गेलं, गरम झालं, की दुसऱ्या गिअरातनं तिसऱ्यात जाताना इंजिन किंचाळायचं आणि गाडी मात्र ओढायची नाही. जू मोडल्यावर बैल पुढं आणि गाडी मागं, तसं. मग मध्येच धाडकन गिअर पडायचा, आत कुणी लाथ घातल्यागत. एकदा ओढ्याच्या चढाला भरल्या गाडीनं दम सोडला. इंजिनाचा आरडाओरडा चाललाय आणि गाडी हळूहळू मागं येतीय. मागचं चाक ओढ्यात उतरलं, फाळका उघडला, आणि पंधरा-वीस ढेपा पाण्यात. पिवळाधमक गूळ विरघळत खाली वाहत गेला. काठावर धुणी धुणाऱ्या बायकांनी पाणी चाखून बघितलं म्हणे. दोन दिवस गावाला तेवढाच विषय. राऊतात्या म्हणाला, "लंगड्याची गाडीबी लंगडीच निघाली." आनंदासमोर म्हणाला. मी त्याच्या अंगावर धावून गेलो, चौघांनी धरलं मला. आनंदा चाकाला लागलेला गूळ पाण्यानं धूत बसला.

आबांनी सांगलीहून मेस्त्री बोलावला. पांढरी पँट, खिशाला दोन पेनं. गाडीखाली वाकलासुद्धा नाही. एक चक्कर मारली, जिभेनं चक्-चक् केलं. "हे मशीन आपल्या मुलखाचं न्हवंच. आतला गिअरचा डबा गेला. हे काढून टाका, मी ट्रकचा हातगिअर बसवून देतो, क्लचसकट."

मी म्हणालो, "आतलं काय गेलं?"

"ते तुमाला कळायचं न्हाई."

"मग तुमाला कळलं का?"

तो आबांकडं वळला. माझ्याशी बोलणंच सोडलं. शिकलेला माणूस न शिकलेल्याचं तोंड असंच बंद करतो. तो उत्तर देत नाही, नुसता दुसरीकडं बघतो. "सोमवारी डबा घेऊन येतो," म्हणाला. मग आनंदाच्या लाकडी पायाकडं बघून, "ड्रायव्हर तेवढा दुसरा बघून ठेवा."

तो गेल्यावर आबा म्हणाले, "आनंदाला चुलवाणावर बसवू. चिपाडं सारायची. बसून करायचं काम हाय." आबा वाईट माणूस नव्हते. हंगाम ऐन भरात, गूळ पडून, त्यांना गाडी चालायला हवी होती. पण चुलवाणावर म्हातारी नाहीतर आजारी माणसं बसायची. आनंदानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर त्यानं दाढी केली नव्हती.

मी आबांना सांगितलं, "सोमवारच्या आत मी दुखणं शोधतो. न्हाई शोधलं तर त्याला काय बसवायचं ते बसवू द्या."

आज लोक म्हणतील, एवढं काय त्यात? माहिती शोधायची. त्या काळी कुणाला विचारणार? पंचक्रोशीत तसली दुसरी गाडी नव्हती. गाडीबरोबर एक जाड पुस्तक आलं होतं, सगळं इंग्रजी. मी ते उघडून चित्रं बघायचो. माणसाच्या आतड्यांसारख्या नळ्याच नळ्या. कळलं ते एवढंच, की ह्या डब्यात गिअर हातानं पडत नाहीत, तेलाच्या दाबानं पडतात. पंपानं तेल ओढायचं, नळ्यांतनं ढकलायचं, त्या जोरावर गिअर बदलायचा. एवढं कळल्यावर माझ्यासारख्या पंपवाल्याला पुढचं कळायला पाहिजे होतं. ते का कळलं नाही, तिथंच माझं सगळं दुखणं आहे.

पहिल्यांदा तेल बघितलं. डब्याला तेल मोजायची काडी असते, ती सकाळी काढली. काठोकाठ. म्हटलं, तेल आहे, मग दुखणं दुसरीकडं. ॲक्सिलेटरपासून डब्यापर्यंत एक बारीक गज जातो. पाय किती दाबला ते डब्याला त्यानं कळतं, त्यावर गिअर लवकर पडायचा का उशिरा ते ठरतं. तो गज दोन आटे आत घेतला. गाडी आणखी बिघडली, पहिल्यातनं दुसऱ्यात जाताना टाच मारायला लागली. चार आटे बाहेर काढला. मग गिअर पडेचना. पुन्हा होता तिथं आणला. गाडीखाली झोपून डब्यातल्या तेलाच्या चाळणीपर्यंत हात घालता येतो का बघितलं. पाठीला खडे रुतले. सगळीकडं तेलकट माती, ती पुसून टाकली. ती कुठनं आली ह्याचा विचारसुद्धा केला नाही. रोज सकाळी काडी. रोज काठोकाठ. मग मी आनंदाच्या मागं लागलो.

"पाय हलका ठेव की रं."

"हलकाच हाय दादा. आन एकच हाय."

शुक्रवारी तो गाडीच्या पायरीवर बसला होता. लाकडी पाय बाजूला. म्हणाला, "दादा, ही हवा खातीय."

"काय खातीय?"

"हवा. मला सीटवर बसून ऐकू येतंय. दुष्काळात आपली विहीर कशी करायची बघ. सकाळी बघावं तर आठ फूट पाणी. इंजन घटकाभर चाललं की पाण्यातला फूटबाल्व उघडा पडायचा, पंप हवा ओढायचा. तसं. हिचं तेलबी इंजन चालू ठेवून बघाया पायजे."

मी उठलो. माझ्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं मला शिकवलं होतं, आणि कान पिळून शिकवलं होतं: इंजिन बंद, गाडी सपाट, तेल गार, मगच काडी काढायची. चालू इंजिनात काडी काढणारा क्लीनर त्यानं थोबाडीत मारून हाकलला असता. हा एवढा एक कायदा मला पाठ होता. मला शाळा नव्हती. असले चार-दोन कायदे म्हणजेच माझी शाळा. त्याच्यावर कुणी बोट ठेवलं की माझ्या बापावर बोट ठेवल्यागत वाटायचं.

मी म्हणालो, "चालू इंजनात तेल बघत्यात व्हय रं? पायाबरूबर डोकंबी तिकडंच सोडून आलास काय?"

जे लिहीन ते खरं लिहीन म्हणालो होतो. हे खरं आहे. असंच म्हणालो.

त्यानं लाकडी पाय ओढून घेतला, पट्टे बांधले, उठला आणि चुलवाणाकडं गेला. सोमवारची वाटसुद्धा बघितली नाही. तिथं बसून चिपाडं सारायला लागला. आगीच्या उजेडात त्याचं तोंड लाल दिसत होतं. राऊतात्या, तोच तो टवाळ म्हातारा, काहिलीतलं उलथनं थांबवून माझ्याकडं बघत होता. पहिल्यांदाच त्याच्या तोंडात टोमणा नव्हता. मला तेही सहन झालं नाही.

शनिवार गेला. मी डब्याभोवती फिरत होतो, पान्हे आपटत होतो, गाडीला शिव्या घालत होतो, धरणाला, परदेशी इंजिनेरांना, मेस्त्रीच्या दोन पेनांना. रविवारी सकाळी मनात आलं, जे दुखणं फक्त चालताना दिसतं ते उभ्या गाडीत काय डोंबल सापडणार? चालवायलाच पाहिजे. आणि चालवायची तर माझा डावा पाय.

मी बैलाचा कासरा घेतला आणि चुलवाणावर गेलो. आनंदासमोर टाकला. "चल. माझा पाय बांध."

तो बघत राहिला.

"बघतोस काय? डावा पाय सीटच्या बुडाला बांध. आन शेजारी बस. ऐकू येतंय म्हणालास न्हवं? मलाबी ऐकायचंय."

माफी मागायची माझी एवढीच पद्धत होती. तीही त्याला कळली का नाही, माहीत नाही. तो उठला. मी सीटवर बसलो, त्यानं माझा पाय गुडघ्यात मोडून मागं सीटच्या लोखंडाला आवळला.

"लय घट्ट करू नको रं."

"माझा कापला तवा मला कुणी इचारलं न्हवतं, घट्ट का सैल." आणि आणखी एक पीळ दिला.

गाडी निघाली. तुम्ही कधी एका पायावर बसला आहात का? पाय असतो, पण नसतो. वळणावर अंग डावीकडं झुकतं तेव्हा आधाराला काही नाही. खड्ड्यात गाडी आदळली की पडतो का काय वाटतं आणि जो पाय रोवावा तो जागेवर नाही. दोन मैलांत माझ्या कमरेला कळ लागली, कपाळाला घाम. आणि हा गडी असा रोज सांगलीपर्यंत जातो-येतो, वर ढेपा मोजून घेतो, वर हसतो. मी त्याच्याकडं बघितलं नाही. बघायची लाज वाटली.

गाडी गरम झाली. दुसऱ्यातनं तिसऱ्यात जायची वेळ आली. इंजिन चढलं आणि गाडी सैल पडली. पायाखाली काहीच नसल्यागत झालं, पोहताना अचानक तळ सुटतो तसं. आणि त्या किंचाळण्याच्या खाली, अगदी खाली, मला तो आवाज आला. बारीक, चिरका, घोगऱ्या शिट्टीसारखा. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता. दुष्काळाची दोन वर्षं मी शंभर विहिरींवर तोच ऐकला होता. माणसं मला बोलवायची, "पंप ओरडतोय, बघा." आणि मी काठावर उभा राहून पान्हा न लावता सांगायचो, "पंप बरा हाय. पाणी खाली गेलंय. सकाळचं पाणी मोजू नका, इंजन चाललेलं असताना मोजा." मी सांगायचो. मीच.

मी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. आनंदा उतरला, बॉनेट उघडलं आणि काडी उपसली. धोतराच्या सोग्यानं पुसली, घातली, काढली, माझ्यासमोर धरली. माझा पाय बांधलेला, मी सीटवरनंच वाकून बघितलं. काडी कोरडी. टोकालासुद्धा तेल नाही.

"आता बंद कर," तो म्हणाला. बंद केलं. तंबाखूची चिमूट मळून होईपर्यंत थांबलो. पुन्हा काडी. काठोकाठ. चालू केलं, कोरडी. बंद केलं, भरलेली. गाडी उभी राहिली की सगळ्या अंगातलं तेल उतरून खालच्या टाकीत यायचं आणि मला सकाळी भरलेलं दिसायचं. मी आठवडाभर उपाशी माणसाचं पोट झोपेत चाचपत होतो.

उन्हात उभे होतो दोघं. म्हणजे तो उभा होता, मी बांधलेला. बाजूच्या शेतात कुणीतरी पाचट पेटवलं होतं, त्याची काळी राख आमच्यावर पडत होती. त्यानं "मी म्हणालो न्हवतो का?" असं म्हणायला पाहिजे होतं. मी असतो तर म्हणालो असतो, गावभर म्हणालो असतो. तो म्हणाला, "सोडू का पाय?"

पुढचं काम माझं. ती तेलकट माती आठवली. घरी येऊन गाडीखाली शिरलो, पुन्हा चालू इंजिनात, चाकं उचलून. डब्याच्या मागच्या टोकाला, जिथनं दांडा बाहेर येतो, तिथनं तेल झिरपत होतं. चाक फिरताना गळायचं, थांबलं की बंद, म्हणून दारातल्या मातीवर कधी डाग दिसला नाही. आतलं वायसर, म्हणजे वॉशर, झिजलं होतं. मी पंपाला कापतो तसं चामड्याचं वायसर कापलं, तेलात भिजवून बसवलं. गाडीबरोबर तांबड्या तेलाचे दोन सीलबंद डबे आले होते. त्यातला एक मी बारीक तेल म्हणून चरकाच्या दात्यांना घालून संपवला होता, माझा शहाणपणा. उरलेला एक उघडला. इंजिन चालू ठेवून, थोडं-थोडं, काडी बघत-बघत घातलं. दिवस मावळायच्या आत गाडी उतरवली. आनंदानं घरी जाऊन दाढी केली.

सोमवारी मेस्त्री टेम्पोत डबा घालून आला. मी म्हणालो, "बसा शेजारी." भरल्या ढेपांसकट आनंदानं गाडी ओढ्याच्या चढाला घातली. पहिला, दुसरा, तिसरा, लोण्यातनं सुरी गेल्यागत. खाली धुणं धुणाऱ्या बायकांनी हात हलवले. मेस्त्री परत आला तो खिशातलं पेन उगाच काढत-घालत होता. म्हणाला, "चाललीय खरी. बघू किती दिवस." मी त्याला टेम्पोपर्यंत पोचवायलासुद्धा गेलो नाही.

गुऱ्हाळाच्या दारात सगळे जमले होते. गुळाची काहील नुकतीच उतरली होती, वाफ चालली होती. आबांनी उपरण्यानं डोळे पुसले, धूर गेला असं दाखवलं, आणि विचारलं, "दुखणं शोधलं कुणी?"

एवढा साधा प्रश्न. आनंदा स्टिअरिंगवर होता, खिडकीतनं हात बाहेर टाकून. राऊतात्या होता, चुलवाणावरची म्हातारी माणसं होती, सगळे होते. मी त्याचं नाव घेतलं असतं तर गावात त्याच्यावर कुणी बोट ठेवलं नसतं पुन्हा. अर्धा म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

मी म्हणालो, "मी."

आबांनी आनंदाकडं बघितलं. आनंदा म्हणाला, "व्हय. दादानंच." आणि गाडी गिअरात घालून सांगलीला निघून गेला.

भांडला असता तर बरं झालं असतं. गाडीतनं उतरून माझी गचांडी धरली असती तर मी दोन ठोसे खाल्ले असते आणि मोकळा झालो असतो. त्या "व्हय"नं मला जन्माचं बांधून ठेवलं. त्या कासऱ्यातनं निदान त्यानं मला सोडवलं होतं.

पुढं सात हंगाम गाडी चालली, तीच, बिनक्लचची. आनंदानंच चालवली. पण माझं नाव झालं. विट्याहून, तासगावहून लोक यायचे, "मेस्त्रीनं सोडलेली परदेशी गाडी तुमी बरी केली म्हणं." मी मिशीला पीळ द्यायचो. आनंदाला लोक म्हणायचे, नशीबवान हायस, भावानं तुझी गाडी वाचवली. तो हसायचा. ड्रायव्हर म्हणून त्याला मान मिळाला, पायापुरता. डोक्याचा मान मी ठेवून घेतला, आणि डोक्यावरूनच मी त्याला बोललो होतो. फक्त एकदा, कितीतरी वर्षांनी, शेकोटीला बसलो असताना तो म्हणाला, "दादा, त्या दिवशी तू 'मी' म्हणालास ते लय जोरात म्हणालास." मी लाकूड पुढं सारलं.

परवा मोटारीचं दार आपटलं ते नातसुनेवरच्या रागानं नाही. तिचं काय चुकलं? ती म्हणाली नवीन निघालंय, आणि आनंदा तिथंच ओट्यावर कुबडी घेऊन बसला होता. त्यानंही ऐकलं. सगळ्यांच्या आधी, पन्नास वर्षांपूर्वी ज्याला ह्या मशीनचं आतलं कळलं होतं, तो म्हातारा पेढा खात गप बसला होता, आणि हे ठाऊक असलेलं त्या अंगणात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी तेव्हाही त्याचं नाव घेतलं नाही. दार आपटलं.

आबा जाऊन लय वर्षं झाली. त्यांनी विचारलं होतं त्याचं उत्तर इथं लिहून ठेवतो. आबा, आनंदानं शोधलं. माझं वायसर होतं, दुखणं त्यानं शोधलं, आणि त्यानं सांगितलं ते मी ऐकलं नाही.

हा कागद मी त्याला वाचून दाखवणार नाही. माझ्याच्यानं व्हायचं नाही ते. त्याच्या उशाशी ठेवीन. तो सातवी पास आहे, माझ्यापेक्षा तीन यत्ता जास्त शिकलाय. त्याचं त्यानं वाचावं.